आधी ओझे उतरवा : परिचर्या-संशोधन रुग्णाच्या खाटेपर्यंत कसे पोहोचते

शस्त्रक्रियेच्या जागचे केस वस्तऱ्याने काढले तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो, हे सेरोपियन आणि रेनॉल्ड्स या अमेरिकी संशोधकांनी १९७१ साली ४०६ रुग्णांच्या पाहणीतून दाखवले. वस्तरा फिरवलेल्या रुग्णांपैकी ५.६ टक्क्यांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. ज्यांचे केस काढले नाहीत किंवा मलम लावून काढले, त्यांच्यात हे प्रमाण ०.६ टक्के होते. वस्तऱ्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेनेही वस्तरा वापरूच नये, केस काढणे भागच असेल तर क्लिपरने छाटावेत, असे बजावले. तरीही ‘उद्या ऑपरेशन आहे, पेशंटची शेव्हिंग करून घ्या’ हे वाक्य आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांत आजही ऐकू येते.

मधल्या पन्नास वर्षांत ही गोष्ट कुणाला ठाऊकच नव्हती, असे म्हणता येणार नाही. परिचर्येच्या विद्यार्थिनी ती वर्गात शिकतात, परीक्षेत लिहितात. कक्षात मात्र क्लिपर नसतो. असला तर त्याची पाती संपलेली असतात. शेव्हिंग करायचे काम कुणाचे हे ठरलेले असते, ते बंद करायचे काम कुणाचे हे ठरलेले नसते. शल्यचिकित्सक आपल्या गुरूंकडून जे शिकले तेच पुढे सांगतात. एका सिद्ध निष्कर्षाच्या वाटेत अशा तीन गोष्टी उभ्या राहतात: खरेदी, कामवाटप आणि अधिकार. यांतली एकही व्याख्यानाने हटत नाही. परिचर्येतले संशोधन रोजच्या शुश्रूषेत उतरवायचे असेल तर विचाराची सुरुवात इथून करावी लागते.

हा विचार हवेत करून उपयोग नाही, म्हणून तो एका शहरापुरता करू. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्याचे रुग्णालय म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘घाटी’. खाटा अकराशेहून अधिक, आणि जालना, बीड, परभणी, हिंगोली, शिवाय विदर्भाच्या सीमेवरचा बुलढाणा अशा जिल्ह्यांतून येणारे रुग्ण. शहरात एमजीएम, डॉ. हेडगेवार रुग्णालय, कमलनयन बजाज रुग्णालय अशी मोठी खासगी आणि विश्वस्त संस्थांची रुग्णालयेही आहेत आणि परिचर्या शिकवणारी महाविद्यालयेही आहेत. परिचर्येचे शिक्षण, संशोधन आणि मोठ्या संख्येने रुग्ण या तिन्ही गोष्टी एका शहरात असूनही त्यांची गाठ कक्षात फारशी पडत नाही. ही स्थिती महाराष्ट्रातल्या कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या शहरात थोड्याफार फरकाने दिसेल. संभाजीनगरात ती अधिक ठळक दिसते, कारण पुढे पाठवायला जवळपास दुसरे ठिकाण नसल्याने मराठवाड्याचा मोठा भार इथे येऊन थांबतो.

माझे म्हणणे एका वाक्यात मांडतो. मनुष्यबळ अपुरे असलेल्या कक्षात सगळ्यांत आधी असे संशोधन आणावे जे परिचारिकेचे काम कमी करते. त्यातून मोकळे झालेले हात मग ज्या संशोधनाला हात लागतात त्याकडे वळवावेत. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो. नवीन तक्ता, नवीन तपासणी-यादी, नवीन रजिस्टर येते. जुने काहीच जात नाही. संशोधन म्हणजे आणखी एक काम, हे समीकरण सिस्टरच्या मनात पक्के बसते आणि ते अनुभवावर आधारलेले असते.

हातांचा हिशोब

बेडसोर, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमा, हा शुद्ध परिचर्येचा विषय. लंडनमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने मॅकलॅरन आणि एक्स्टन-स्मिथ यांच्यासह वृद्ध रुग्णांवर केलेले काम १९६२ साली प्रसिद्ध झाले. पाठीला निरनिराळी औषधे, स्पिरिट, पावडर चोळण्यापेक्षा ठरावीक अंतराने कूस बदलणे महत्त्वाचे, हे त्यातून पुढे आले. ‘दर दोन तासांनी’ हा नियम तेव्हापासून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे आणि आपल्या प्रत्येक जीएनएम, बीएस्सी विद्यार्थिनीला तो पाठ असतो.

आता हिशोब मांडू. ५० रुग्णांचा एक कक्ष कल्पनेत घ्या. त्यात स्वतःहून कूस बदलू न शकणारे १२ रुग्ण आहेत. रात्रपाळी १२ तासांची आणि सिस्टर दोन. दर दोन तासांनी कूस बदलायची तर प्रत्येक रुग्णाची सहा वेळा, सगळ्यांची मिळून ७२ वेळा. बेशुद्ध किंवा अर्धांगाच्या रुग्णाला नीट वळवायला दोन माणसे आणि निदान पाच मिनिटे लागतात. ७२ गुणिले पाच मिनिटे म्हणजे सहा तास, दोघींचे मिळून १२ तास. दोघींकडे एकूण २४ तास आहेत. म्हणजे निम्मी रात्र फक्त कूस बदलण्यात गेली. उरलेल्या निम्म्यात ५० जणांची इंजेक्शने, सलाइन, टीपीआर (ताप, नाडी, श्वास), लघवीची मापे, तीन-चार नवीन भरती, आणि पहाटे कुणाची प्रकृती ढासळली तर त्याच्याजवळ उभे राहणे. नियम पाळला जात नाही तो या बेरजेमुळे. त्याला आळस किंवा अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे.

याच प्रश्नावरचे नंतरचे संशोधन आपल्याकडे फारसे पोहोचले नाही. धोक्याचा अंदाज घेण्याच्या सहा घटकांच्या मोजपट्टीमुळे बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची नावे आपल्या महाविद्यालयांत ओळखीची आहेत. त्यांतल्या बर्गस्ट्रॉम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या २७ शुश्रूषागृहांत ९४२ रहिवाशांवर चाचणी घेतली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. कुणाची कूस दोन तासांनी बदलली, कुणाची तीन, कुणाची चार. तीन आठवड्यांत जखमा झाल्या त्या साधारण दोन टक्क्यांना, आणि तिन्ही गटांत संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक आढळला नाही.

हे वाचून कुणी उद्यापासून घाटीत ‘चार तासांनी’ असा फलक लावला तर ते घातक ठरेल. त्या चाचणीतली प्रत्येक व्यक्ती जाड, उच्च घनतेच्या फोमच्या गादीवर होती, आणि अतिशय जास्त धोक्याचे रुग्ण चाचणीत नव्हते. आपल्या सरकारी कक्षांत बहुधा रेक्झिनच्या आवरणाची पातळ गादी असते. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्याचा पारा चाळिशी ओलांडतो, रेक्झिनखाली घाम साचतो, आणि ब्रेडनच्या मोजपट्टीत ‘ओलावा’ हा स्वतंत्र धोका मानलेला आहे. परदेशी निष्कर्ष इथे आणताना पाहायचे ते हेच: निष्कर्ष कोणत्या अटींवर उभा आहे, आणि त्या अटी आपल्या खाटेवर आहेत का.

पण याच चाचणीचा दुसरा अर्थ आपल्या फार उपयोगाचा आहे, आणि तो कुणी सांगत नाही. वरच्या हिशोबात चार तासांचे अंतर ठेवले तर कूस बदलायला १२ ऐवजी सहा मनुष्य-तास लागतात. म्हणजे १२ चांगल्या गाद्या एका कक्षात दर रात्री सहा तासांचे मनुष्यबळ मोकळे करू शकतात. गादी ही भांडारातली वस्तू आहे, तिची मागणी नोंदवता येते, दर करारात ती बसवता येते. गादीचा प्रस्ताव ‘रुग्णांच्या सोयीसाठी’ म्हणून गेला तर मागे पडतो. तोच ‘दर रात्री सहा मनुष्य-तास’ अशा भाषेत, शास्त्रीय आधारासह गेला तर प्रशासनाला त्याचे उत्तर द्यावे लागते. परिसेविकेच्या, म्हणजे कक्षप्रमुख सिस्टरच्या, हातात संशोधन असावे ते अशा कामासाठी.

काम कमी करणारे निष्कर्ष

परिचर्या-संशोधनाची चर्चा बहुधा ‘नवीन काय करावे’ यावर होते. जे करणे थांबवावे त्याची यादी त्याहून मौल्यवान आहे.

इंट्राकॅथ घ्या. हाताच्या शिरेतली ही नळी दर तीन दिवसांनी बदलायची, असा नियम अनेक रुग्णालयांत आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर रिकर्ड या परिचारिका-संशोधिकेने क्वीन्सलँडच्या तीन रुग्णालयांत ३,२८३ रुग्णांवर चाचणी घेऊन २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की ठरावीक दिवसांनी बदलली काय किंवा त्रासाची लक्षणे दिसल्यावर बदलली काय, फ्लेबायटिसचे (शिरेच्या दाहाचे) प्रमाण दोन्हीकडे सात टक्केच राहते. म्हणजे चांगली चालणारी नळी केवळ दिनांक उलटला म्हणून काढण्यात रुग्णाला एक टोचणी, परिचारिकेला दहा मिनिटे आणि भांडाराला एक नळी असा तिहेरी खर्च विनाकारण होतो.

इथेही अट आहे. ‘लक्षणे दिसल्यावर’ यात ‘दिसणे’ हे काम आहे. प्रत्येक पाळीत प्रत्येक नळीच्या जागी नजर टाकून लाली, सूज, दुखणे तपासले आणि नोंदवले तरच हा निष्कर्ष लागू होतो. आपल्याकडे पारदर्शक ड्रेसिंगऐवजी पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली असेल तर आतली त्वचा दिसतच नाही, आणि घामाने पट्टी सुटते ती वेगळीच. पाहण्याची सवय लावल्याशिवाय तीन दिवसांचा नियम काढून टाकला तर रुग्णाचे नुकसान होईल. म्हणून क्रम असा हवा: आधी पारदर्शक ड्रेसिंग, मग पाळीगणिक नोंद, ती नोंद दोन-तीन महिने नियमित झाली की मगच जुना नियम रद्द.

हेपॅरिनचे उदाहरण अधिक सोपे आहे. हाताच्या शिरेतली नळी गोठू नये म्हणून हेपॅरिनच्या पातळ द्रावणाने फ्लश करण्याची जुनी पद्धत. कॉलीन गूड आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली तोवरच्या अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले, तेव्हा अशा नळीसाठी साधे नॉर्मल सलाइन तितकेच पुरते असे दिसले. आपल्याकडे मिळणाऱ्या हेपॅरिनच्या व्हायलमध्ये अनेकदा एका मिलिलिटरला ५,००० युनिट असतात. ते कक्षात, घाईत, हाताने पातळ करताना एका शून्याची चूक झाली तर रक्तस्राव होऊ शकतो. ही पद्धत सोडली की एक धोका, एक काम आणि एक खर्च एकाच वेळी जातो.

श्वासनळीत नळी असलेल्या रुग्णाचा कफ ओढण्याआधी आत सलाइन सोडायचे, ही सवयही नेहमीसाठी ठेवू नये असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. प्रसूतीपूर्वी सरसकट एनिमा देणे आणि केस काढणे यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या प्रसूतीविषयक मार्गदर्शिकेत नाही, उलट ते करू नये असे आहे. दोन्ही गोष्टी बाळंतिणीला लाजिरवाण्या वाटतात आणि प्रसूतिकक्षातल्या सिस्टर-मावशींचा वेळ खातात.

उपाशी ठेवण्याचा प्रश्न मात्र परिचारिकेच्या एकटीच्या हातातला नाही. रात्री बारापासून ‘एनबीएम’ (तोंडाने काही द्यायचे नाही) असा शेरा सगळ्यांना सारखाच पडतो. यादीत पहिल्या रुग्णाला तो चालून जातो, शेवटच्याला दुपारी दोनपर्यंत थेंबभर पाणी मिळत नाही. पाणी किंवा बिनदुधाचा चहा यांसारखे द्रव भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालतात, हे भूलशास्त्राच्या संघटनांनी १९९९ पासून लिहून ठेवले आहे. अपवाद आहेत: तातडीची शस्त्रक्रिया, आतड्याचा अडथळा, गरोदरपण. म्हणूनच हा बदल भूलतज्ज्ञांच्या लेखी, सहीच्या स्थायी सूचनेशिवाय होऊ नये. उन्हाळ्यात चौदा तास पाण्याशिवाय पडलेला वृद्ध रुग्ण सिस्टरलाच विचारतो, ‘बाई, घोटभर पाणी देता का?’ उत्तर द्यायचा अधिकार मात्र तिला नसतो. या विषयातला सगळ्यांत मोठा अडसर मला हाच वाटतो.

नातेवाइकांचे हात

आपल्या कक्षात रुग्णाला भरवणे, पुसणे, लघवीचे भांडे देणे, कूस बदलायला हात लावणे ही कामे बऱ्याच अंशी नातेवाईक करतात. हे वास्तव आहे, आणि पाश्चात्त्य संशोधनात ते फारसे दिसत नाही. मग नातेवाइकांनाच शिकवून टाकावे, असे सुचणे स्वाभाविक आहे. ते भारतात तपासूनही पाहिले आहे. अर्धांगाच्या रुग्णांच्या कुटुंबीयांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण देण्याची ‘अटेंड’ चाचणी भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झाली आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण प्रशिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत ४७ टक्के निघाले. प्रशिक्षणाचा फायदा दिसला नाही.

याच्या शेजारी कांगारू मदर केअर ठेवा. कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवण्याची पाच देशांतली चाचणी, ज्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते, २०२१ साली प्रसिद्ध झाली. ३,२११ बाळांपैकी लगेच कांगारू पद्धत मिळालेल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात १५.७ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली गेली.

दोन्हीकडे कुटुंबातलेच माणूस होते, तरी निकाल असे वेगळे का? माझ्या मते कारण जागेत आणि देखरेखीत आहे. कांगारूत आई नवजात अतिदक्षता कक्षातच राहिली, बाळ तिच्या छातीवर आणि दोघेही परिचारिकेच्या नजरेखाली. ‘अटेंड’मध्ये भार घरी गेला आणि रुग्णालयाचा हात सुटत गेला. नातेवाईक परिचारिकेचा हात वाढवू शकतो, तिची जागा घेऊ शकत नाही. वरच्या हिशोबातल्या कक्षात दोन सिस्टरऐवजी एक सिस्टर आणि एक नातेवाईक अशी जोडी धरली तर सिस्टरचा वेळ निम्म्यावर येतो. पण दिवसा मुलगा असतो, रात्री आत्या येते, दुसऱ्या दिवशी गावाकडून चुलत भाऊ. ज्याला शिकवले तो उद्या नसतो. त्यामुळे शिकवणे भरतीच्या वेळी एकदा उरकून चालत नाही. रात्रपाळीच्या सुरुवातीला, जो कोणी खाटेपाशी असेल त्याला, दोन मिनिटांत, हाताने करून दाखवावे लागते. आणि त्या माणसाला रात्री कक्षात थांबण्याचा पासही हवा.

ओव्हर, नोंद, मोजणी

सरकारी रुग्णालयात परिचारिकांच्या पाळ्या बदलतात, कक्ष बदलतात, बदल्या होतात. एखाद्या उत्साही अधिपरिचारिकेच्या डोक्यात राहिलेले संशोधन तिच्याबरोबर निघून जाते. ते कक्षात टिकायचे तर कक्षाच्या एखाद्या रोजच्या व्यवहाराला बांधावे लागते, आणि असा सगळ्यांत भक्कम व्यवहार म्हणजे ओव्हर. पाळी संपताना एक जण ओव्हर देते, दुसरी घेते. हे रोज तीनदा किंवा दोनदा होते आणि कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसते. खाट क्रमांक, निदान, औषधे यांबरोबर दोनच गोष्टी त्यात जोडाव्यात: नळीची जागा पाहिली का, आणि पाठ पाहिली का. प्रत्येक खाटेमागे दहा सेकंद. ओव्हर खुर्चीत बसून रजिस्टरवरून न देता खाटेजवळ उभे राहून दिला तरच हे शक्य आहे. माझ्या दृष्टीने संपूर्ण कार्यक्रमातला सगळ्यांत अवघड बदल हाच आहे, कारण इथे जुनी सवय आणि थकवा दोन्ही आड येतात.

मोजणी साधी असावी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, कक्षातल्या सगळ्या रुग्णांच्या पाठी पाहायच्या. किती पाहिल्या, किती जणांना जखम, इतकेच. पण घाटीसारख्या ठिकाणी एक भेद पहिल्या दिवसापासून करावाच लागेल: जखम घेऊन आलेले आणि इथे झालेले. गावात महिनाभर खाटेवर पडून, दोन रुग्णालये फिरून इथे पोहोचलेल्या रुग्णाची पाठ भरतीच्या वेळीच फाटलेली असते. भरतीच्या तासाभरात ती पाहून लिहिली नाही तर दोष कक्षावर येतो. तो एकदा आला की पुढची जखम लिहिली जात नाही. आकडा पाहून ‘मेमो’ निघणार असेल तर आकडा खोटाच येईल. अधिसेविकांनी ही मोजणी शिक्षेसाठी वापरली जाणार नाही असे आधी लेखी द्यावे आणि ते पाळावे. छोट्या कक्षात टक्केवारी काढण्याचा मोहही टाळावा. आठ अंथरुणखिळ्या रुग्णांत एक जखम वाढली की साडेबारा टक्क्यांची उडी दिसते. त्यातून काही सिद्ध होत नाही. संख्या जशीच्या तशी महिनोन्‌महिने आलेखावर मांडली की कल आपोआप दिसतो.

ब्रेडनची मोजपट्टी मी या पहिल्या टप्प्यात धरत नाही. मोजपट्टी भरल्याने जखमा कमी होतात असा भक्कम पुरावा अजून नाही. परिचारिकेच्या अनुभवी नजरेपेक्षा ती सरस ठरते असेही खात्रीने म्हणता येत नाही. जिथे हात पुरेसे आहेत तिथे ती जरूर वापरावी. जिथे नाहीत तिथे ती भरायला लागणारा वेळ कूस बदलण्याला द्यावा.

गडचिरोलीतून काय घ्यावे

संशोधन शुश्रूषेत उतरल्याचा महाराष्ट्रातला सगळ्यांत भक्कम दाखला रुग्णालयातला नाही, खेड्यातला आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत स्थानिक बायकांना आरोग्यदूत म्हणून नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवले. ४७ गावे तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे आले. नंतर महाराष्ट्रातल्या सात स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागांत तीच पद्धत राबवून पाहिली, आणि २०११ साली ती ‘आशां’मार्फत राष्ट्रीय कार्यक्रम झाली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी गृहभेट, असे तिचे ठरलेले वेळापत्रक आहे.

लॅन्सेटपासून राष्ट्रीय कार्यक्रमापर्यंत बारा वर्षे लागली. तरी ते पोहोचले, कारण कामाचा माणूस, त्याला दिलेला अधिकार आणि मोजायची गोष्ट या तिन्हींची रचना अभ्यासातच केलेली होती. आरोग्यदूत बाळाला इंजेक्शनही देत असे, आणि ते देण्याची मुभा तिला असावी की नाही यावर बराच वाद झाला. अधिकाराचा प्रश्न टाळला असता तर मृत्युदर इतका उतरलाच नसता.

उलट उदाहरण उत्तर प्रदेशातले. सुरक्षित प्रसूतीची तपासणी-यादी चाचणीतल्या १२० केंद्रांपैकी निम्म्या केंद्रांत, प्रशिक्षित मार्गदर्शकांच्या मदतीने राबवली गेली. २०१७ साली निकाल आला: योग्य कृती करण्याचे प्रमाण बरेच वाढले, पण दीड लाखांहून अधिक प्रसूतींमध्ये माता-बालकांचे मृत्यू आणि गंभीर गुंतागुंती कमी झाल्या नाहीत. मार्गदर्शक निघून गेल्यावर कृतींचे प्रमाणही घसरू लागले. यादी पाळली जाणे आणि रुग्ण वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रबंध कुणासाठी

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली एमएस्सी नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीला प्रबंध करावा लागतो. त्यांतल्या फार मोठ्या भागाचा साचा ठरलेला आहे: एका गटाला आधी प्रश्नावली, मग नियोजित अध्यापन कार्यक्रम, सात दिवसांनी तीच प्रश्नावली, गुण वाढले, फरक लक्षणीय. शिकवल्यावर लगेच विचारले तर गुण वाढणारच. तुलनेचा गट नाही, कृती पाहिलेली नाही, रुग्णाला काय झाले ते तर नाहीच. मुलींचा इतका कष्टाचा वेळ अशा साच्यात जातो याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्याच मुली सकाळी त्याच कक्षात रुग्णांची शुश्रूषा करत असतात.

दुसरा मार्ग अवघड नाही. महाविद्यालयाने रुग्णालयातला एक कक्ष आणि त्या कक्षाच्या परिसेविकेचा एक प्रश्न पाच वर्षांसाठी धरावा. पहिल्या तुकडीने फक्त मोजावे: किती नळ्या, किती फ्लेबायटिस, किती पाठी. दुसरीने एक बदल करावा आणि मोजावे. तिसरीने तो टिकला का ते पाहावे. प्रत्येकीचा प्रबंध स्वतंत्र, पण कक्षात काम साचत जाते. आयोवा विद्यापीठाच्या रुग्णालयात मारिटा टिट्लर आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत वर आलेल्या कॉलीन गूडही होत्या, १९९४ साली मांडलेले प्रारूप मुळात हेच सांगते: प्रश्न कक्षातून उठावा, आधी एका जागी करून पाहावा, मग पसरावा. मात्र पाठ्यनिर्देशिकेने कक्षात आणि परिसेविकेने प्रबंधाच्या समितीत बसायला हवे. नीतिविषयक समितीची मान्यता अर्थातच घ्यावी. आणि प्रत्येक प्रबंधाचे एक पान मराठीत, त्या कक्षासाठी लिहिले जावे. ज्या सिस्टरने आकडे दिले तिला निष्कर्ष वाचता आला पाहिजे.

या सगळ्याची एक मर्यादा आहे. लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या अभ्यासातून २००२ साली दाखवले की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. नंतर नऊ युरोपीय देशांतही तसेच दिसले. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असे आहे. हेसुद्धा परिचर्या-संशोधनच आहे, फक्त ते अमलात आणणारी व्यक्ती कक्षात नसून मंत्रालयात असते. काम कमी करणारे निष्कर्ष आणून हात मोकळे करा असे म्हणताना रिक्त पदे भरू नका असा अर्थ कुणी काढू नये. उलट, कक्षाने स्वतःचा हिशोब तासांत मांडला की पदे मागण्याचा पाया पक्का होतो.

शेवटी दिनांकाचा मुद्दा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे तोंड क्लोरहेक्सिडिनने पुसणे हे काही वर्षांपूर्वी उत्तम शुश्रूषेचे लक्षण मानले जाई. पुढच्या विश्लेषणांत त्याच्या फायद्याविषयी आणि सुरक्षिततेविषयी शंका निघाल्या, आणि २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने ते सोडून ब्रशने दात घासण्याकडे कल दिला. उशाकडची बाजू ४५ अंशांपर्यंत उचलून ठेवण्याचेही तसेच. १९९९ साली बार्सिलोनाच्या छोट्या अभ्यासात त्याचा मोठा फायदा दिसला. २००६ च्या डच अभ्यासात मात्र संशोधकांच्या देखरेखीखालीही सरासरी कोन ३० अंशांच्या खालीच राहिला. म्हणून कक्षात लावलेल्या प्रत्येक सूचनेवर ती कधी लावली, कोणाच्या सहीने लावली आणि पुन्हा कधी तपासायची हे लिहिलेले असावे. तपासण्याचा दिवस उलटून गेलेली सूचना परिसेविकेने उतरवावी, आणि नवीन सही मिळेपर्यंत ती जागा रिकामी ठेवावी.